एचआयव्ही औषधांच्या आंतरक्रिया

एचआयव्ही संसर्गावरील औषधे आणि त्यांच्यासोबत घेतली जाणारी इतर औषधे, पूरक द्रव्ये किंवा वनौषधी यांच्या एकमेकांवर होणाऱ्या परिणामास एचआयव्ही औषधांच्या आंतरक्रिया म्हणतात. रक्तातील औषधाचे प्रमाण घटल्यास विषाणूवरील नियंत्रण सुटते आणि तो त्या औषधाला दाद देईनासा होऊ शकतो. प्रमाण वाढल्यास विषारी दुष्परिणाम संभवतात. हे उपचार आयुष्यभर चालत असल्याने अशा प्रसंगांची शक्यता नेहमीच असते.

कारणे

अनेक औषधांचे विघटन यकृतातील सीवायपी३ए४ या विकरामार्फत होते. रिटोनाविर आणि कोबिसिस्टॅट या विकराचे कार्य रोखतात. त्यामुळे त्यांच्यासोबत सिमव्हास्टॅटिन घेतल्यास स्नायूंना गंभीर इजा होऊ शकते, तर अर्धशिशीवरील एर्गोटामिनमुळे हातापायांचा रक्तपुरवठा धोकादायकरीत्या कमी होऊ शकतो. ही दोन्ही औषधे त्यांच्यासोबत वर्ज्य आहेत. दम्यासाठी श्वासावाटे घेतले जाणारे फ्लुटिकासोन हे स्टेरॉइडही शरीरात साठून अपाय करू शकते.

डोल्युटेग्राविर

भारताच्या राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमात टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन व डोल्युटेग्राविर यांची एकत्रित गोळी प्राधान्याने दिली जाते. यांतील डोल्युटेग्राविरच्या पुढील आंतरक्रिया महत्त्वाच्या आहेत:

* क्षयरोग: रिफाम्पिसिनमुळे डोल्युटेग्राविरचे विघटन जलद होते. म्हणून ५० मि.ग्रॅ. ची मात्रा दिवसातून एकदा न देता १२ तासांच्या अंतराने दोनदा देतात. रिफाम्पिसिन थांबल्यावरही हा परिणाम काही काळ टिकत असल्याने वाढीव मात्रा आणखी २ आठवडे चालू ठेवतात.
* आम्लपित्त: ॲल्युमिनियम किंवा मॅग्नेशियमयुक्त अँटासिड आतड्यात डोल्युटेग्राविरला बांधून ठेवते व त्याचे शोषण घटवते. म्हणून डोल्युटेग्राविर अँटासिडच्या २ तास आधी किंवा ६ तासांनंतर घेतात. लोह व कॅल्शियमच्या गोळ्यांनाही हेच अंतर लागू आहे. मात्र जेवणासोबत त्या एकत्र घेता येतात.
* मधुमेह: डोल्युटेग्राविरमुळे रक्तातील मेटफॉर्मिन वाढते. त्यामुळे त्याची मात्रा सहसा दिवसाला १,००० मि.ग्रॅ. पर्यंत मर्यादित ठेवतात.

दक्षता

सामाजिक कलंकाच्या भीतीने अनेक रुग्ण इतर डॉक्टरांपासून एचआयव्हीचे उपचार लपवतात. त्यामुळे धोकादायक संयोग लक्षात येत नाही. भारतात २०१७ च्या एचआयव्ही व एड्सविषयक कायद्याने रुग्णाच्या माहितीच्या गोपनीयतेला संरक्षण दिले आहे. नवे औषध सुरू करण्यापूर्वी, ते चिठ्ठीविना मिळणारे असले तरी, एआरटी केंद्राचा सल्ला घेणे आवश्यक असते. आंतरक्रियेच्या शंकेने एचआयव्हीची औषधे परस्पर बंद करणेही तितकेच धोक्याचे असते.