पानांसारखे, पण वनस्पती नव्हेत

कॅनडाच्या पूर्व किनाऱ्याजवळील न्यूफाउंडलंड बेटाच्या आग्नेय टोकाला मिस्टेकन पॉइंट नावाची खडकाळ जागा आहे. १९६७ साली तेथील भूस्तरांचा अभ्यास करीत असताना शिव बालक मिश्र या भारतीय विद्यार्थ्याला खडकांवर असंख्य ठसे दिसले. त्यांतील कित्येक थेट नेच्याच्या पानांसारखे होते. मग या वनस्पती होत्या का?

या प्रश्नाचे उत्तर खडकातच आहे. काचेच्या बरणीत पाणी, वाळू व माती घालून ती जोराने हलवा आणि स्थिर ठेवा. जाड कण आधी तळाशी बसतात, बारीक कण नंतर. मिस्टेकन पॉइंटच्या खडकांत असेच थर पुन्हा पुन्हा आढळतात. समुद्रतळाच्या उतारावरून गढूळ पाण्याचा लोंढा खाली आला, की असा एक थर साचतो. उथळ पाण्यात लाटांमुळे गाळावर वळ्या उमटतात. तशा खुणा येथे नाहीत. म्हणजे हा तळ वादळी लाटांच्याही आवाक्याबाहेर, खोल अंधारात होता. प्रकाश नाही तेथे प्रकाशसंश्लेषण नाही. म्हणून या वनस्पती नव्हेत.

मग हे जीव जगत कसे? त्यांना तोंड असल्याची खूण सापडलेली नाही. मात्र त्यांच्या प्रत्येक फांदीला तशाच लहान फांद्या, त्यांना आणखी लहान फांद्या, अशी रचना दिसते. त्यामुळे शरीराचा पृष्ठभाग खूप वाढतो. या पृष्ठभागातून ते पाण्यात विरघळलेले अन्न शोषून घेत असावेत, असे अनेक संशोधकांना वाटते. ते आद्य प्राणी होते का, यावर मात्र अजून चर्चा चालू आहे.

त्यांची मऊ शरीरे कुजून नाहीशी झाली, पण ठसे राहिले, ते ज्वालामुखीच्या राखेमुळे. राखेने हे जीव जागच्या जागी गाडले गेले. याच राखेत झिरकॉनचे स्फटिक असतात. त्यांतील युरेनियमचे ठरावीक वेगाने शिसे होते. दोहोंचे प्रमाण मोजून येथील सर्वांत प्रसिद्ध थराचे वय सुमारे ५६ कोटी ५० लाख वर्षे ठरले आहे.

२००७ साली येथील एका जातीला मिश्र यांच्या सन्मानार्थ ‘फ्रॅक्टोफ्युसस मिस्राय’ हे नाव देण्यात आले. २०१६ साली युनेस्कोने या जागेला जागतिक वारशाचा दर्जा दिला.

जीवाश्म वर्गात दाखवाल तेव्हा ‘हा कशासारखा दिसतो?’ एवढेच विचारून थांबू नका. ‘हा कोणत्या खडकात सापडला?’ हेही विचारा.