उसनी गोळी नकोच!

‘झोपच येत नाहीये यार, उद्या पेपर आहे!’ ‘माझ्याकडे गोळी आहे, अर्धी घे. मस्त झोपशील.’ होस्टेलवर नोट्ससारखी गोळीही उसनी मिळते. ती अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम असेल, तर जरा थांबा.

या औषधांच्या कुळाचं नाव बेन्झोडायझेपिन. १९६० साली ‘लिब्रियम’ आणि १९६३ साली ‘व्हॅलियम’ बाजारात आलं, तेव्हापासून ती वापरात आहेत. मेंदूतल्या पेशींची धावपळ शांत करणारं ‘गाबा’ नावाचं रसायन आपल्या प्रत्येकात असतं. ही गोळी त्याचा जोर वाढवते. धडधड कमी होते, स्नायू सैलावतात, झोप लागते. पॅनिक अटॅक किंवा फिट आल्यावर डॉक्टर ही औषधं देतात ती उगाच नाही.

पण गोळी फक्त टेन्शनच कमी करत नाही. नवीन गोष्टी लक्षात ठेवण्याचं मेंदूचं कामही मंदावतं. म्हणजे गोळी घेऊन वाचलेलं पेपरात आठवेलच, असं नाही. काहींचा असर दुसऱ्या दिवशीही उरतो. अशा वेळी बाईक चालवणं धोक्याचं.

सगळ्यात घातक म्हणजे सोबत दारू किंवा कोडीनचं कफ सिरप. श्वास इतका मंदावू शकतो की जिवावर बेततं. अशा मित्राला हलवूनही जाग येत नसेल, तर ‘झोपू दे’ म्हणू नका. लगेच १०८ ला फोन करा.

रोज घेतल्यास काही आठवड्यांतच शरीराला सवय लागू शकते. मग तेवढ्या डोसनं भागत नाही. आणि एकदम बंद केली तर घबराट, थरथर, कधी फिटसुद्धा येते. त्यामुळे आधीपासून घेत असाल तर हे वाचून आजच गोळी फेकून देऊ नका! डोस हळूहळू कमी करायचा असतो, तोही डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

अल्प्राझोलाम, डायझेपाम ही औषधं ‘शेड्यूल एच-१’मध्ये येतात. चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत आणि विक्रीची नोंद केमिस्टला वेगळ्या रजिस्टरमध्ये ठेवावी लागते. मित्राचा डोस त्याचं वय, आजार, बाकीची औषधं बघून ठरलेला असतो. तो तुमचा नसतो.

झोप सतत उडत असेल, तर टेली-मानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास सुरू असतो. फोन मोफत आहे. मराठीतूनही बोलता येतं.