डिबेट कोण जिंकलं? आधी हे गैरसमज दूर करू

श्री ठाणेदार बेळगावचे. मराठी घरात वाढले, रसायनशास्त्र शिकायला अमेरिकेत गेले, उद्योजक झाले आणि २०१८ मध्ये मिशिगन राज्याच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मागायला उभे राहिले. त्या उन्हाळ्यात टीव्हीवरच्या डिबेटमध्ये ग्रेचेन व्हिटमर आणि अब्दुल एल-सायद यांच्यासोबत ते मिशिगनच्या मतदारांसमोर आले. सीमाभागातला एक मराठी माणूस अमेरिकेतल्या प्रायमरीच्या, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीच्या, मंचावर उभा राहिला, ही मोठी गोष्ट होती. ७ ऑगस्टला मतदान झालं. व्हिटमर यांना ५२ टक्के, एल-सायद यांना ३० टक्के आणि ठाणेदारांना जवळपास १८ टक्के मतं मिळाली.

पालघर जिल्ह्यातल्या बेटेगाव, बोईसर, तारापूरच्या मतदाराने मिशिगनकडे का बघावं? कारण अशा डिबेटच्या क्लिपा आता आपल्याही मोबाइलवर येतात. 'कसला धुतला बघ' असा निकाल आपणही अर्ध्या मिनिटात देऊन मोकळे होतो आणि मग आपल्या उमेदवारांनाही तीच फूटपट्टी लावतो. ती फूटपट्टी चुकीची आहे.

पहिला गैरसमज : डिबेट म्हणजे दोन पक्षांची लढत.

प्रायमरीत सगळे एकाच पक्षाचे असतात. अंतिम निवडणुकीत बहुतेक प्रेक्षकांचा पक्ष ठरलेला असतो. प्रायमरीत पक्षाचं चिन्ह बघून निवड करता येत नाही, त्यामुळे तिथली डिबेट मतं जास्त हलवते. मिशिगनमध्ये ठाणेदार आणि एल-सायद दोघेही सर्वांसाठी सरकारी आरोग्य विमा हवा म्हणत होते, व्हिटमर त्याला बांधील नव्हत्या. मग या दोघांत निवड कशी करायची? कोण जास्त जोरात बोललं ते इथे उपयोगाचं नाही. हे मत त्यांनी आधी कधी, कुठे, कोणासमोर मांडलं होतं, हे बघावं लागतं. ठाणेदारांनी स्वतःचे एक कोटीहून अधिक डॉलर खर्च केले, जाहिरातींमुळे सुरुवातीच्या काही जनमत चाचण्यांत ते पुढेही होते. पण ते राजकारणात नवे होते आणि त्यांच्या भूमिका किती जुन्या, किती पक्क्या, हा प्रश्न शेवटपर्यंत त्यांच्या मागे राहिला.

दुसरा गैरसमज : आपल्याकडे प्रायमरी कधी झालीच नाही.

झाली, आणि महाराष्ट्रातच झाली. २०१४ च्या लोकसभेआधी राहुल गांधींच्या पुढाकाराने काँग्रेसने देशातल्या मोजक्या मतदारसंघांत पक्षांतर्गत मतदानाने उमेदवार ठरवले. वर्ध्यात सागर मेघे आणि लातूरमध्ये दत्तात्रय बनसोडे असे निवडले गेले. मतदार मात्र पक्षाचे पदाधिकारीच होते, सामान्य माणसाला त्यात जागा नव्हती. दोन्ही जागा काँग्रेसकडे होत्या, दोन्ही गेल्या. वर्ध्यात भाजपचे रामदास तडस जिंकले, लातुरात भाजपचेच सुनील गायकवाड. ती मोदी लाटेची निवडणूक होती, म्हणून या पराभवाचं खापर प्रायमरीवर फोडता येणार नाही.

आपल्या पालघरमध्ये तर उमेदवार कसा ठरतो हे मतदाराला दिसतच नाही. खासदार चिंतामण वनगा यांच्या निधनानंतर २०१८ मध्ये पोटनिवडणूक झाली. त्यांचे पुत्र श्रीनिवास वनगा शिवसेनेकडून उभे राहिले आणि काँग्रेसमधून आलेले राजेंद्र गावित भाजपकडून. गावित जिंकले. २०१९ मध्ये युतीत जागा शिवसेनेकडे गेली, तसे गावितही शिवसेनेत गेले आणि पुन्हा खासदार झाले. २०२४ मध्ये जागा परत भाजपकडे आली आणि हेमंत सवरा निवडून आले. कायद्याने यात काहीच चुकलेलं नाही. पण पक्ष का बदलला, भूमिकेत काय बदललं, हे मतदारांसमोर उभं राहून सांगण्याची वेळ कोणावरच आली नाही. एबी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा कागद, कोणाच्या हातात पडतो ते आपल्याला दुसऱ्या दिवशी कळतं. प्रायमरीतल्या डिबेटचं खरं मोल इथे आहे : उमेदवारी मिळण्याआधी उत्तर द्यावं लागतं.

तिसरा गैरसमज : जो डिबेट जिंकला तो निवडणूक जिंकला.

२७ जून २०१९ ला डेमोक्रॅटिक पक्षाच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी मायामीत झालेल्या डिबेटमध्ये कमला हॅरिस यांनी जो बायडेन यांना त्यांच्या जुन्या भूमिकेवरून घेरलं. दुसऱ्या दिवशी सगळीकडे हॅरिस यांचंच कौतुक होतं. डिसेंबरमध्ये, एकही मत पडण्याआधी त्या शर्यतीबाहेर पडल्या, उमेदवारी बायडेन यांना मिळाली. फेब्रुवारी २०२० मध्ये लास वेगासला एलिझाबेथ वॉरन यांनी अब्जाधीश मायकल ब्लूमबर्ग यांना असं गाठलं की दोन आठवड्यांत त्यांनी माघार घेतली. पण वॉरन स्वतःच्या मॅसॅच्युसेट्समध्येही तिसऱ्या आल्या. दुसऱ्याला पाडलं म्हणजे आपण वर आलो असं होत नाही. आणि डोनाल्ड ट्रम्प २०२३-२४ मध्ये आपल्या पक्षाच्या एकाही डिबेटला गेले नाहीत, तरी उमेदवारी त्यांनाच मिळाली.

चौथा गैरसमज सगळ्यात जुना आहे : डिबेट दिसण्यावर ठरते. १९६० च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या डिबेटमध्ये टीव्ही बघणाऱ्यांना केनेडी जिंकले असं वाटलं आणि रेडिओ ऐकणाऱ्यांना निक्सन, ही कथा मराठी लेखांतही कितीदा येते. तिचा मुख्य आधार एकच सर्वेक्षण आहे, आणि त्यातले रेडिओ ऐकणारे तीनशेसुद्धा नव्हते. रेडिओ ऐकणारे कोण होते, त्यांचा कल आधीपासून कुठे होता, याचाही विचार त्यात नीट झाला नव्हता. चेहऱ्याचा परिणाम होतोच. पण तेवढ्यावरून 'दिसणंच सगळं काही' असा नियम काढता येत नाही.

त्याहून महत्त्वाचं उदाहरण १९७६ चं. राष्ट्राध्यक्ष फोर्ड डिबेटमध्ये म्हणाले की पूर्व युरोपवर सोव्हिएत वर्चस्व नाही. त्या रात्री विचारलेल्या प्रेक्षकांना ते फारसं खटकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांनी आणि वाहिन्यांनी तेच वाक्य लावून धरलं आणि लोकांचा निकाल फिरला. 'कोण जिंकलं' हे बऱ्याचदा डिबेटनंतरच्या चोवीस तासांत ठरतं. म्हणून क्लिप बघून मत बनवू नये. पूर्ण चर्चा बघावी आणि स्वतःचं मत ठरेपर्यंत विश्लेषकांना थांबायला सांगावं.

पाचव्या गैरसमजावर मला थोडं थांबायचं आहे, कारण तो आपल्या जिल्ह्यात सर्वाधिक नुकसान करतो : जो सफाईने बोलतो तो सक्षम.

पालघरची लोकसभेची जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. विधानसभेच्या सहापैकी डहाणू, विक्रमगड, पालघर आणि बोईसर या चार जागाही तशाच. इथला उमेदवार वारली, कोकणा, मल्हार कोळी अशा समाजातून येतो. घरी त्याची बोली वेगळी असते. स्टुडिओतली मराठी ही त्याच्यासाठी शिकलेली मराठी असते. निवेदक मध्येच तोडतो, समोरचा वकिली थाटात बोलतो आणि आपण म्हणतो, 'याला बोलताच येत नाही.' हा अन्याय आहे. दाभोसा किंवा मोखाड्याच्या पाड्यावर पाणी कुठून येतं हे ज्याला ठाऊक आहे, तो अडखळत बोलला तरी उत्तर त्याच्याकडेच असतं. ठाणेदारांच्या इंग्रजीत भारतीय उच्चार स्पष्ट ऐकू येतो. २०१८ ला ते हरले, पण २०२२ मध्ये डेट्रॉईटच्या परिसरातून नऊ जणांची प्रायमरी जिंकून त्याच उच्चारासह अमेरिकी संसदेत गेले, २०२४ मध्ये पुन्हा निवडून आले.

मग बघायचं काय? सूर्या प्रकल्पाचं उदाहरण घ्या. धामणी आणि कवडास ही धरणं या भागातल्या शेतीला पाणी मिळावं म्हणून बांधली. आता त्याच पाण्यातून वसई-विरार आणि मीरा-भाईंदरसाठी दररोज ४०३ दशलक्ष लिटरची योजना उभी राहिली. 'पाणी आधी आमच्या शेतकऱ्याला' हे वाक्य टाळ्या घेतं, पण ते उत्तर नाही. शेतीचा वाटा किती, कालव्यांची दुरुस्ती कोण करणार, शहरांना दिलेलं पाणी कमी करणार की नवी साठवण करणार, हे सांगितलं तर ते उत्तर. तारापूर एमआयडीसीच्या सांडपाण्याचंही तसंच. तो विषय प्रामुख्याने राज्य सरकार, एमआयडीसी आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अखत्यारीतला आहे. लोकसभेचा उमेदवार 'सहा महिन्यांत बंद करतो' म्हणाला, तर कोणत्या अधिकाराने, हे विचारायला हवं. लोकलच्या फेऱ्या आणि विरार-डहाणू चौपदरीकरण मात्र रेल्वेचं काम, तिथे खासदाराला थेट जाब विचारता येतो.

डिबेट घ्यायलाच हवी असा सरसकट कायदा ना अमेरिकेत आहे, ना आपल्याकडे. मे २०२४ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती मदन लोकूर, निवृत्त न्यायमूर्ती अजित शहा आणि पत्रकार एन. राम यांनी नरेंद्र मोदी आणि राहुल गांधी यांना जाहीर चर्चेचं निमंत्रण दिलं होतं. राहुल गांधींनी होकार दिला, पण ती चर्चा झाली नाही.

दिल्लीत ती होईल तेव्हा होईल. बेटेगावात, बोईसरला किंवा तारापूरला सगळ्या उमेदवारांना एका मांडवात बोलवायला कोणाच्या परवानगीची वाट बघण्याचं कारण नाही. आचारसंहितेतली सभेची परवानगी तेवढी घ्यावी लागेल. प्रत्येकाला सारखा वेळ द्या, त्याच्या बोलीत बोलू द्या आणि पाणी, सांडपाणी, लोकल या तीन विषयांवर तेच तीन प्रश्न सगळ्यांना विचारा. उत्तरं लिहून ठेवा आणि पाच वर्षांनी तोच कागद घेऊन त्यांच्यासमोर पुन्हा उभे राहा.