आपल्या माणसांतील पोलीस

आदिवासी भागातील पोलीस बाहेरचा असला, की त्याच्या आणि गावाच्या मध्ये भाषेची भिंत उभी राहते. दुभाष्यामार्फत सांगितलेल्या तक्रारीतील अर्थ हरवतो आणि विश्वासही. नक्षलवादाशी लढताना ही उणीव अधिकच जाणवते. म्हणून गडचिरोली जिल्ह्यात १९९० साली स्थानिक तरुणांचे एक विशेष पथक उभारण्यात आले. प्रारंभी साठ जवान असल्यामुळे त्याला ‘सी-६०’ हे नाव मिळाले. त्यातील अनेक आदिवासी जवानांना गोंडी, माडिया या बोली येत. जंगलवाटाही ठाऊक असत.

मात्र ही जवळीक जोखमीचीही असते. नक्षलवाद्यांतही याच समाजातील तरुण होते. त्यामुळे गणवेश घालणाऱ्याला अनेकदा आपल्याच माणसांसमोर उभे राहावे लागले.

शेजारच्या छत्तीसगढमध्ये अल्पशिक्षित आदिवासी तरुणांना दरमहा ३,००० रुपये मानधनावर ‘विशेष पोलीस अधिकारी’ नेमून सशस्त्र कारवाईत उतरवले गेले. ५ जुलै २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत घटनाबाह्य ठरवली. पुरेसे शिक्षण व प्रशिक्षण नसलेल्यांचे प्राण असे धोक्यात घालणे हा समतेच्या आणि जीविताच्या हक्काचा भंग आहे, असा त्या निकालाचा आशय होता.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. बोली जाणणारा पोलीस गावाला हवाच. परंतु योग्य प्रशिक्षण, नियमित नोकरी आणि कायद्याचे संरक्षण त्यालाही मिळायला हवे. समाजाचे रक्षण करणारा स्वतः असुरक्षित राहता कामा नये.