भांगेच्या बिया : आहारमूल्य, उपयोग व ओळख

भांग हा शब्द कानी पडताच नशेचे स्मरण होते. त्यामुळे या झाडाच्या बीला महाराष्ट्रात कोणी खाद्यवस्तूंत गणत नाही. हिमालयाच्या उतारावरील कुमाऊँ व गढवाल या भागांत मात्र हे बी स्वयंपाकघरात नित्य वापरले जाते. तेथील शेतकरी या झाडाच्या सालीपासून दोर वळतात व बी हिवाळ्याच्या आहारासाठी राखून ठेवतात. अलीकडे हेच बी 'हेंप' या नावाने शहरांतील दुकानांत चढ्या दराने विकले जाते. तेव्हा त्याविषयीची विचारणा खेड्यांतूनही होणे स्वाभाविक आहे. ग्रामकार्यकर्त्यांनी उत्तर देण्यापूर्वी या बीचे खरे मोल तर जाणावेच. परंतु हेंप या एका नावाखाली कोणकोणती झाडे येतात, हे जाणणे त्याहून अगत्याचे आहे.

भांगेचे मादक द्रव्य मुख्यतः मादी झाडाच्या फुलोऱ्यावरील राळेत असते. बीच्या गरात ते आढळत नाही. फुलोऱ्याचा चुरा बीला चिकटून राहिल्यास मात्र त्याचा अंश बीबरोबर येऊ शकतो. म्हणून बी पाखडून, स्वच्छ धुऊन व वाळवून वापरण्याची रीत योग्य होय. टरफलासह शंभर ग्रॅम बियांत सुमारे 25 ग्रॅम प्रथिने व 30 ग्रॅमांहून थोडे अधिक तेल असते. उरलेल्या भागात चोथ्याचे प्रमाण मोठे असते. तेलाचा निम्म्याहून अधिक भाग लिनोलिक आम्लाचा, तर सुमारे सहावा हिस्सा अल्फा-लिनोलेनिक आम्लाचा असतो. ही दोन्ही स्निग्धाम्ले मानवी शरीर स्वतः तयार करू शकत नाही. ती अन्नातूनच मिळवावी लागतात. प्रथिने पचण्यास चांगली असली तरी त्यांत लायसिन हा घटक कमी पडतो. डाळीसोबत हे बी खाल्ल्यास ती उणीव भरून निघते.

कुमाऊँमध्ये बी तव्यावर मंद आचेवर भाजून घेतात. ते तडतडू लागले की उतरवितात. अधिक भाजल्यास कडवटपणा येतो. जिरे, मिरची, मीठ व लिंबाचा रस घालून पाट्यावर वाटले की चटणी तयार होते. उकडून परतलेल्या बटाट्यांबरोबर किंवा मडुव्याच्या, म्हणजे आपल्या नाचणीच्या, भाकरीबरोबर ती खातात. दुसरा प्रकार असा की, भाजलेले बी पाण्यात वाटून फडक्यातून गाळतात. टरफले फडक्यात राहतात व दुधासारखा रस मिळतो. तो अळकुड्यांच्या रश्श्यात घातला असता रस्सा दाट व खमंग होतो. थंडीच्या दिवसांत डोंगरी लिंबाच्या फोडी, मुळा, दही व थोडा गूळ यांत बीचे वाटण कालवून उन्हात बसून खाण्याची तेथे आवड आहे. टरफल कठीण असल्याने लहान मुलांना गाळलेला रसच द्यावा.

आता ओळखीविषयी. अंबाडीला व्यापारात डेक्कन हेंप, तर तागाला सन हेंप म्हणतात. खऱ्या हेंपशी या दोहोंचे वनस्पतिशास्त्रदृष्ट्या काहीही नाते नाही. भांगेचे बी ज्वारीच्या दाण्याएवढे वा त्याहून किंचित लहानमोठे, अंडाकृती, राखी-तपकिरी व जाळीदार ठिपक्यांचे असते. दाताखाली फुटून आत पांढरट गर दिसतो. अंबाडीचे बी कोनदार व खरखरीत असते. तागाचे बी मात्र चपटे, मूत्रपिंडाच्या आकाराचे, गुळगुळीत व काळपट असते. ते विषारी असून यकृतास अपाय करते. माणसाने खाऊ नये व जनावरांनाही घालू नये. 1975 च्या सुमारास मध्य प्रदेशातील (आता छत्तीसगडमधील) सरगुजा भागात गोंडली या भरडधान्यात तागाच्याच वंशातील एका रानटी वनस्पतीचे बी मिसळले गेले. ते धान्य खाऊन अनेकांना यकृताचा दुर्धर विकार जडला व कित्येक दगावले. हिरवळीच्या खतासाठी आणलेले तागाचे बी घरात उरते, हे ध्यानी घेता ही सूचना अनाठायी ठरू नये. पेरणीच्या बियाण्यास औषध चोळलेले असते, हा धोका निराळाच.

भांगेची लागवड परवान्यावाचून करणे हा 1985 च्या अमली पदार्थविषयक कायद्यान्वये गुन्हा आहे. धागा अथवा बी यांसाठी लागवडीस अनुमती देण्याचा अधिकार त्याच कायद्याने शासनास दिला असून उत्तराखंडात तशी व्यवस्था झाली आहे. बी, बीचे तेल व पीठ अन्न म्हणून विकण्यास भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने 2021 मध्ये, मादक द्रव्याच्या अंशावर मर्यादा घालून, मान्यता दिली. अर्थात विकत आणलेले बी खाणे वेगळे आणि ते परसात पेरणे वेगळे.

तथापि एवढा खर्च करण्याचे प्रत्येक घरास कारण नाही. जवसाच्या तेलात अल्फा-लिनोलेनिक आम्ल भांगेच्या तेलाहून कितीतरी अधिक, साधारणतः निम्मे असते. कारळ्याच्या तेलात लिनोलिक आम्ल भरपूर असते. दोन्हींत प्रथिनेही चांगली असतात. जवस व कारळे मंद भाजून, लाल मिरची, लसूण व मीठ घालून कुटलेली चटणी विदर्भ-मराठवाड्यात पूर्वापार आहेच. ती आठवडाभर पुरेल एवढीच करून झाकणाच्या डब्यात, उन्हापासून दूर ठेवावी. ही तेले हवा व उष्णता लागताच लवकर खवट होतात. याच कारणास्तव भांगेचे किंवा जवसाचे तेल तळणीस वापरू नये.