दानाच्या दुकानातली खरेदी आणि नफ्याची विक्री: यात गैर काय?



आजचा विषय वरवर पाहता किरकोळ वाटेल, पण दान, बाजार आणि प्रामाणिकपणा या तिन्ही गोष्टी त्यात एकत्र येतात. ब्रिटनमध्ये 'चॅरिटी शॉप' नावाची दुकानं असतात. लोकांनी दान दिलेल्या जुन्या वस्तू तिथं विकतात आणि आलेला पैसा एखाद्या धर्मादाय संस्थेच्या कामाला जातो. या दुकानांतून स्वस्तात वस्तू घ्यायच्या आणि त्याच ईबे, व्हिंटेड, डेपॉप अशा ऑनलाइन बाजारांत चढ्या भावानं विकायच्या, हा तिकडे अनेकांचा जोडधंदा आहे, काहींचा तर पूर्णवेळ व्यवसाय आहे. त्यांना 'रीसेलर' म्हणतात.

यात बेकायदेशीर काही नाही. वस्तूची किंमत मोजली की ती आपली झाली. तिकडच्या करनियमांनुसार वर्षाला १,००० पौंडांपर्यंतची अशी विक्री करातून सुटते, त्याच्या पुढं हिशेब द्यावा लागतो. कायद्याचा भाग एवढ्यावर संपतो. पण लोकांचा राग संपत नाही. दुसऱ्यानं दान दिलं, तिसऱ्यानं फुकट राबून ते मांडलं आणि नफा भलत्यानंच नेला, म्हणजे आयत्या बिळावर नागोबा, असं अनेकांना वाटतं. हा राग कितपत बरोबर आहे, ते आज तपासून बघू.

दुकान नेमकं कशासाठी आहे?

सुरुवात इथूनच करायला हवी, कारण बहुतेक वाद या एका गैरसमजावर उभा असतो. दुसऱ्या महायुद्धात नाझींच्या ताब्यातल्या ग्रीसमध्ये भीषण उपासमार झाली. तिथं मदत पोचवता यावी म्हणून १९४२ साली ऑक्सफर्ड शहरात काही नागरिकांनी एक समिती स्थापन केली. तीच पुढं 'ऑक्सफॅम' झाली. मदतीसाठी लोक कपडे आणि वस्तू आणून देऊ लागले. सगळ्याच वस्तू परदेशी पाठवण्यासारख्या नव्हत्या, मग त्या विकून पैसा उभा करायला समितीनं १९४०च्या दशकाच्या उत्तरार्धात ब्रॉड स्ट्रीटवर कायमचं दुकान थाटलं. ते आजही सुरू आहे. आता ब्रिटनमध्ये अशी दहा हजारांहून अधिक दुकानं आहेत. कुणाचं कर्करोग संशोधनासाठी, कुणाचं हृदयरोगासाठी, तर कुणाचं गावातल्या हॉस्पिससाठी.

इथं एक गोष्ट लक्षात घ्या. हे दुकान गरिबांना स्वस्त कपडे मिळावेत म्हणून काढलेलं नाही. ते पैसा उभा करण्यासाठी काढलेलं आहे. आपल्याकडच्या रेशनच्या दुकानाशी ताडून पाहा. रेशनचा तांदूळ काळ्या बाजारात विकणं गुन्हा आहे आणि पापही आहे, कारण तिथला भाव ही सवलत असते, ती ठरावीक माणसासाठी असते आणि तिचा खर्च सरकारनं सोसलेला असतो. ती सवलत उचलून विकणं म्हणजे दुसऱ्याच्या तोंडचा घास विकणं. चॅरिटी शॉपमधला आठ पौंडांचा कोट ही अशी सवलत नाही. दुकानाला तेवढे मिळतील असं वाटलं, म्हणून ती किंमत. श्रीमंत माणूसही तो कोट निःसंकोच घेऊ शकतो आणि दुकानाला त्याचा आनंदच होतो.

तेव्हा रीसेलर गरिबांचं रेशन पळवतो, हा आरोप या रूपात टिकत नाही. पण म्हणून तो निर्दोष ठरला असंही नाही. हिशेब जरा खोलात जाऊन करावा लागेल.

तोटा नेमका कुणाचा?

समजा, कोट आठ पौंडांना घेतला आणि ऑनलाइन चाळीसला विकला. संस्थेचे बत्तीस पौंड बुडाले का? नाही. रीसेलरनं कोट स्वच्छ केला, बटण लावलं, फोटो काढले, मापं लिहिली, गिऱ्हाइकाच्या शंकांना उत्तरं दिली, पार्सल केलं. शिवाय चार कोटांतला एखादा पडून राहतो, त्याचा तोटा त्याचाच. बत्तीस पौंडांतला बराचसा भाग ही मेहनतीची आणि जोखमीची मजुरी आहे.

दुसरी बाजू पाहा. दुकानात जे खपत नाही, ते कुठं जातं? ते किलोवर जुन्या कपड्यांच्या व्यापाऱ्यांना विकलं जातं. त्यातला मोठा भाग परदेशी जातो. घानाची राजधानी आक्रा इथला कांतामांतो बाजार अशाच मालावर चालतो. आपल्या पानिपतातही जुन्या लोकरी कपड्यांचे धागे सोडवून त्यांच्या चादरी-ब्लँकेटं विणण्याचा मोठा उद्योग आहे. जो कोट शेवटी किलोच्या भावानं काही पेन्सना जाणार होता, तो रीसेलरनं आठ पौंडांना नेला तर त्यानं संस्थेला मदतच केली.

पण तोच कोट दुसऱ्या दिवशी दुसरं कुणीतरी नेणार होतं, तर? संस्थेला आठ पौंड दोन्हीकडून मिळतात. मग तोटा होतो तो त्या दुसऱ्या माणसाचा. आणि हा दुसरा माणूस कोण? दुकान गरिबांसाठी काढलेलं नसलं, तरी प्रत्यक्षात ज्यांचं उत्पन्न तुटपुंजं आहे अशी असंख्य कुटुंबं त्यावरच भागवतात. शाळेचा गणवेश, लहान मुलांचे बूट, थंडीचे जाडजूड कोट, मोठ्या मापाचे कपडे ते तिथूनच घेतात. पुण्या-नाशिकहून तिकडं शिकायला गेलेली आपली मुलंसुद्धा पहिल्या हिवाळ्याचा कोट बऱ्याचदा अशाच दुकानातून घेतात. रीसेलर या वस्तू रॅकच्या रॅक उचलू लागले की त्यांना घ्यायला काही उरत नाही. वर, माल भराभर उठतोय हे बघून दुकानंही भाव चढवू लागतात.

म्हणून 'काय घेतलं' याला फार महत्त्व आहे. जुनी ग्रामोफोन रेकॉर्ड, नामांकित कंपनीची पर्स किंवा दुर्मीळ पुस्तक उचललं, तर कुणा गरजवंताचं अडत नाही. ऐन नोव्हेंबरात लहान मुलांचे सगळे कोट गोळा करून नेले, तर अडतं. कायदा दोन्ही खरेदींना एकाच मापानं मोजतो. आपण मोजू नये.

माहीत असून गप्प बसणं

आता अवघड प्रश्न. काउंटरवरच्या आजींनी एक चिनी मातीचं भांडं तीन पौंडांना लावलंय. त्या पगार घेत नाहीत, आठवड्यातून दोन दुपारी सेवा म्हणून येतात. तुम्हाला ठाऊक आहे की त्याची किंमत तीनशे आहे. तुम्ही काय कराल?

हा प्रश्न दोन हजार वर्षांहून जुना आहे. रोमन विचारवंत सिसेरो यानं कर्तव्यावरच्या आपल्या ग्रंथात स्केव्होला नावाच्या गृहस्थाची हकीकत दिली आहे. तो शेत विकत घ्यायला गेला. मालकानं किंमत सांगितली. स्केव्होला म्हणाला, माझ्या मते याची किंमत जास्त आहे, आणि त्यानं स्वतःहून एक लाख सेस्टर्स वाढवून दिले. सिसेरो त्यावर म्हणतो की हा माणूस सज्जन होता हे कुणीच नाकारणार नाही, पण तो शहाणा होता असं म्हणायला लोक तयार नसतात. आपला पेच नेमका हाच आहे.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढं १८१७ साली याच्या उलटं प्रकरण आलं. इंग्लंडशी तह झाला, ही बातमी ऑर्गन नावाच्या व्यापाऱ्याला न्यू ऑर्लिन्समध्ये इतरांच्या आधी कळली. तंबाखूचा भाव चढणार हे ओळखून त्यानं मोठा साठा विकत घेतला. न्यायालय म्हणालं, बाजाराची माहिती समोरच्याला सांगण्याचं बंधन खरेदीदारावर नाही, मात्र त्याची दिशाभूल होईल असं काही बोलता वा करता कामा नये.

व्यापाऱ्या-व्यापाऱ्यांत हा नियम ठीक आहे. दोघंही नफ्यासाठी उभे असतात, दोघांनाही चौकशी करायची संधी असते. पण काउंटरवरच्या आजी व्यापारी नाहीत. त्या आजारी माणसांसाठी पैसा गोळा करतायत. शिवाय देणगीदारानं 'गिफ्ट एड'चा अर्ज भरला असेल, तर मिळालेल्या प्रत्येक पौंडामागं सरकार संस्थेला २५ पेन्स देतं. म्हणजे वस्तू तीसऐवजी आठ पौंडांना गेली, तर संस्थेच्या हाती साडेसदतीसऐवजी दहाच येतात.

माझं मत असं. आठाचा कोट चाळीसला जाईल हे ओळखणं हे कौशल्य आहे, ते फुकट वाटायची गरज नाही. पण तफावत शंभर पट असेल आणि समोरच्याच्या निव्वळ अज्ञानातून आली असेल, तिथं सांगणं हाच सभ्यपणा. तेही जमत नसेल, तर नफ्यातला वाटा त्याच संस्थेला द्यावा.

बोहारणीकडून काय शिकावं?

मुंबईत वाढलेल्यांना बोहारीण आठवत असेल. दोन पँटी आणि एक जरीची साडी घेऊन ती स्टीलचं पातेलं द्यायची, तेही अर्धा तास घासाघीस करून. पुढं ते कपडे धुऊन, शिवून बाजारात विकायची. तिनं नफा केला म्हणून तिला कुणी अनैतिक म्हटलं नाही. का? एक तर देवाणघेवाण उघड होती. आपल्याला ठाऊक होतं की ही कपडे विकणार आहे. दुसरं, तिची मेहनत दिसत होती. तिसरं, ते कपडे शेवटी ज्यांना नवे परवडत नाहीत त्यांच्यापर्यंत पोचत होते.

रीसेलरला हीच तीन मापं लावा. व्यवहार उघड आहे का? वस्तूत आपण काही भर घातली का? आणि वस्तू शेवटी कुणाकडं गेली, कुणाकडून गेली? अनेक रीसेलर स्वतःच हातावर पोट असलेले असतात, लहान मूल सांभाळत घरबसल्या हे काम करतात. त्यांना नफेखोर म्हणण्याआधी हे तपासावं.

काही गोष्टी मात्र कुठल्याच मापात बसत नाहीत. किमतीची चिठ्ठी बदलणं. परिस्थिती बेताची असल्याचं खोटं सांगून भाव पाडून घेणं. आणि सर्वांत वाईट म्हणजे दुकानातच सेवा करताना चांगला माल मांडण्याआधी स्वतःसाठी बाजूला काढणं. पहिल्या दोन गोष्टी फसवणूक आहेत, तिसरा विश्वासघात आहे.

दुकानांनाही काही करता येतं. ऑक्सफॅमसारख्या संस्था निवडक वस्तू स्वतःच ऑनलाइन विकतात. गणवेश आणि मुलांच्या कोटांना 'एका गिऱ्हाइकाला दोनच' असा नियम लावता येतो. भांडी, पुस्तकं, दागिने यांची पारख असलेला माणूस महिन्यातून एकदा बोलावता येतो.

श्रोत्यांतून आलेला एक प्रश्न

*प्रश्न: मी आईची साडी दान दिली आणि कुणी ती विकून पैसे केले, तर मला वाईट वाटणारच ना?*

वाटेल, आणि ते स्वाभाविक आहे. पण मग देतानाच ठरवायला हवं. साडी कुणीतरी नेसावी अशी इच्छा असेल, तर ती दुकानात देऊ नका, ओळखीतल्या एखादीच्या हातात द्या. दुकानात दिली, म्हणजे तुम्ही साडी नाही दिलीत, तिची किंमत दिलीत. ती किंमत रुग्णापर्यंत पोचली की तुमचं दान पोचलं. पुढं साडीचं काय झालं, हा हिशेब घेणाऱ्याच्या सदसद्विवेकाचा आहे, आणि आज आपण तोच मांडत होतो.