चौकटीतली मंडळी : भाग ७ – आधी घोड्याचे कान

महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी सुटीच्या दिवसांत एकच फोटो दिवसभर निघत असतो. घोड्यावर पोरगं, त्याला धरून उभे आई-बाबा, लगाम हातात घेतलेला घोडेवाला आणि समोर मोबाइल रोखून ‘इकडे बघ, हस’ म्हणणारा काका. पोरगं हसतंही. घरी आल्यावर मात्र काहीतरी खटकतं. घोड्याचं तोंड पिंपाएवढं, पाय आखूड आणि चेहरा जबरदस्तीने उभं केल्यासारखा.

तोंडाचा दोष घोड्याकडे नाही. मोबाइलची नेहमीची लेन्स रुंद कोनाची असते. तिच्या जवळ जे येईल ते फुगतं आणि घोड्याचं नाक सगळ्यांच्या पुढे असतं. साधारण ८५ ते २०० मिलिमीटरची लेन्स लावून बरंच मागे सरकलं, की मान, पाठ, पाय आपापल्या मापात येतात.

चेहऱ्याचं दुखणं वेगळं. घोड्याचं हसू त्याच्या कानांत असतं. कान पुढे वळले की घोडा उत्सुक दिसतो, मागे चपटे पडले की चिडका, बाजूला ढिले लोंबले की पेंगुळलेला. घरच्या चौघांचे डोळे उघडे आणि दोन्ही कान पुढे, असा क्षण आपणहून क्वचितच येतो. म्हणून फोटोग्राफरच्या मागे एक मदतनीस उभा राहतो. तो चंदीचं घमेलं खुळखुळवतो, प्लॅस्टिकची पिशवी चुरगाळतो किंवा मोबाइलवर दुसऱ्या घोड्याचं खिंकाळणं वाजवतो. पण ही युक्ती दोन-तीनदाच चालते. खायला काही मिळत नाही हे घोड्याला चटकन कळतं. आधी माणसं बसवायची, पदर-कॉलर नीट करायचे आणि घमेलं शेवटी वाजवायचं, हाच क्रम बरा.

मारवाडी आणि काठेवाडी घोड्यांच्या बाबतीत तर कान हाच दागिना. त्यांची टोकं आत वळून एकमेकांना भिडू पाहतात. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी, सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत भरणाऱ्या घोडेबाजारात असे घोडे पाहायला मिळतात. पांढरे नुकरेही तिथे असतात, आणि ते कॅमेऱ्याला चकवतात. चौकटभर पांढरं दिसलं की कॅमेऱ्याला उजेड जास्त वाटतो आणि नुकरा राखाडी उतरतो. तिथे उजेड हाताने थोडा वाढवायचा. काळ्या घोड्याला उलट थोडा कमी करायचा. वरातीच्या अल्बमांत मळकट दिसणाऱ्या घोड्या बहुधा तबेल्यात मळलेल्या नसतात.

घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे त्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं. दिसत नाही ते नेमकं शेपटीमागचं आणि कपाळासमोरचं, नाकाखालचं. हौशी फोटोत लहान मुलाला नेमकं तिथेच उभं केलं जातं! मुलाने खांद्यापाशी, मोठ्या माणसाला लागून उभं राहावं. लगामाचा वेढा कुणीही हाताला घेऊ नये. फ्लॅश तर बॅगेतच बरा.

आणि मोतद्दार? त्याला चौकटीबाहेर ठेवायची आता पद्धत आहे. चुकून हात किंवा दोर आलाच, तर तो संगणकावर पुसतात. १८६३ साली जॉर्ज वॉशिंग्टन विल्सन या स्कॉटिश छायाचित्रकाराने बाल्मोरलला राणी व्हिक्टोरियाचा फोटो काढला, तेव्हा अशी सोय नव्हती. पती अल्बर्टला जाऊन दोन वर्षंही झाली नव्हती. राणी शोकाच्या काळ्या कपड्यांत ‘फायव्ही’ नावाच्या घोड्यावर बसली होती. ओल्या काचपट्टीवर फोटो घ्यायचे ते दिवस, घोड्याने मान झटकली तर सगळं पुसट. म्हणून लगाम धरून तिचा सेवक जॉन ब्राउन उभा राहिला. छोट्या कार्डांवर छापून तो फोटो बाजारात आला, खूप खपला. राणी आणि ब्राउन यांच्या जवळिकीची कुजबुज पुढे सुरू झाली. आज तो फोटो पाहणाऱ्यांची नजर आधी जाते ती घोडा धरणाऱ्यावर.